काप्सानेसची कोशर रेड वाइन: पेराख हाअबिब

ओंजळभर

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला कोशर वाइन (ज्यू धर्माच्या नियमांनुसार केलेली) म्हटलं की एकच बाटली आठवते, मॅनिशेविट्झ. काँकर्ड द्राक्षाची, गडद जांभळी, गोडमिट्ट. ऑफिसातल्या कुणा ज्यू मित्राकडे पेसाह या सणाच्या जेवणाला गेल्यावर ती चाखलेली असते आणि 'कोशर रेड म्हणजे असलंच काहीतरी' हा शिक्का कायमचा बसलेला असतो. मध्यंतरी इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी 'त्यापेक्षा रसना बरं' असं लिहिलं होतं. तिथेच उत्तर देणार होतो, पण विषय मोठा, म्हणून वेगळा धागा.

त्या गोडव्याशी धर्माचा संबंध नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातून न्यू यॉर्कला आलेल्या ज्यू कुटुंबांना शब्बाथला (आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी) आणि पेसाहला वाइन लागायचीच, आणि आसपास मुबलक मिळायचं ते काँकर्ड. १८४९ साली मॅसेच्युसेट्समधल्या काँकर्ड गावी एफ्राइम बुल यांनी निवडलेला हा वाण कडाक्याची थंडी सोसतो. वाइनच्या दृष्टीने मात्र आम्लता फार आणि वास उग्र, अत्तरी. ती आम्लता झाकायला साखर. शापिरो नावाच्या न्यू यॉर्कच्या वाइनवाल्यांची तर जाहिरातच होती की आमची वाइन जवळजवळ सुरीने कापता येईल इतकी दाट! हाताशी होतं त्यात भागवलं आणि पुढे तीच परंपरा झाली, इतकंच.

आता मुद्द्याची बाटली. स्पेनमध्ये, कातालोनियाच्या दक्षिणेला तारागोना प्रांतात प्रिओरात आणि मोंतसांत असे वाइनचे दोन प्रदेश आहेत. मध्ये प्रिओरात, भोवती मोंतसांतचं कडं. त्या कड्यावर काप्सानेस हे काहीशे वस्तीचं गाव. गावाची सहकारी वायनरी १९३३ सालची. कित्येक दशकं तिचा धंदा एकच: सभासदांची द्राक्षं एकत्र गाळायची, वाइन घाऊकात विकायची. १९९५ साली बार्सिलोनाच्या ज्यू समाजाने विचारलं, आम्हाला कोशर वाइन करून द्याल का?

तशी करायची तर ती द्राक्षं बाकीच्या मालात मिसळून चालत नाहीत. छोट्या वेगळ्या टाक्या हव्यात, वेगळे पंप आणि पाइप हवेत. सोसायटीने त्यासाठी पैसा घातला. निवडक जुन्या वेलींची द्राक्षं छोट्या टाकीत वेगळी आंबवली की काय निघतं, हे त्यामुळे गावाला कळलं. तिथून घाऊक विक्री मागे पडत गेली आणि बाटलीबंद वाइन पुढे आली. मोंतसांतला वाइनचा प्रदेश म्हणून स्वतःचं अधिकृत नामांकन मिळालं ते २००१ साली. आज काप्सानेसच्या बिगर-कोशर वाइनही नावाजल्या जातात, पण गावाची गाडी वळली ती या एका ऑर्डरमुळे. धर्माच्या नियमाने चव बिघडते म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो. इथे नियमाच्या निमित्तानेच गावाला आपली द्राक्षं कळली.

पेराख हाअबिबमध्ये गार्नाचा, कारिन्येना आणि कॅबरने सोव्हिन्यॉन ही तीन द्राक्षं. फ्रेंच ओकच्या पिंपात मुरवलेली. मद्यार्क बहुतेक सालांत साडेचौदाच्या आसपास. बाटली उघडल्या उघडल्या ही वाइन गप्प असते. तेव्हाच मत बनवू नका. मोठ्या भांड्यात ओतून तासभर ठेवली की आधी काळी चेरी आणि आलुबुखार वर येतात, मग ज्येष्ठमध आणि त्या डोंगरउतारांवर उगवणाऱ्या रोझमेरी-थाइमचा रानटी वास. जिभेवर गार्नाचाची ऊब आणि गर आधी जाणवतो. कारिन्येनाची आंबट धार मागून येते आणि घोट जड होऊ देत नाही. कॅबरनेमुळे हिरड्यांना तुरट पकड जाणवते, ती बराच वेळ राहते. साखर नाममात्र. डोळे झाकून दिली तर 'ही कोशर' असं कुणाला ओळखता येणार नाही, कारण ओळखण्यासारखं तिच्यात काही नाहीच.

कुणी चाखली असेल, किंवा दुसरी एखादी कोशर रेड आवडली असेल, तर लिहा.

खवचट_काका

जागा धरून ठेवतो. साडेचौदा टक्के म्हणजे धर्मकार्य जरा जोरातच की!

एडिसनकर

छान धागा. आमच्याकडे न्यू जर्सीत कोशर दुकानं पुष्कळ आहेत, त्यामुळे बाटली मिळायला अडचण नसावी. एक शंका. मित्राच्या लग्नात सगळी वाइन 'मेवुशाल' होती. वाढणारे तरुण सगळे मेक्सिकन, म्हणून ती तशीच लागते असं कुणीतरी सांगितलं. म्हणजे नक्की काय? उकळतात का? उकळलेल्या वाइनला चव कसली राहणार?

ओंजळभर

@एडिसनकर, पातेल्यात घालून उकळत नाहीत हो. मूळ नियम असा की द्राक्षं चिरडल्यापासून बाटलीला बूच लागेपर्यंत, आणि पुढे उघडल्यावरही, शब्बाथ पाळणाऱ्या ज्यू व्यक्तीनेच ती हाताळायची. वाइन तापवलेली असेल तर हे बंधन सुटतं, मग कुणीही वाढली तरी चालते. म्हणून हॉटेलं, लग्नं, विमानं इथे मेवुशाल. आता त्यासाठी रस किंवा वाइन पातळ नळ्यांतून ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत काही सेकंद नेतात आणि लगेच थंड करतात. ताज्या फळाच्या चवीची, वर्षा-दोन वर्षांत प्यायची वाइन असेल तर मला फरक फारसा जाणवत नाही. दहा वर्षं ठेवायच्या वाइनला मात्र कुणी शहाणा हे करत नाही. पेराख हाअबिब तापवलेली नसते.

म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. कर्मठ घरी ही बाटली भेट न्यायची तर सील न फोडता यजमानांच्या हाती द्यावी आणि स्वस्थ बसावं. आपल्याकडे पाहुणा उत्साहाने बाटली उघडून सगळ्यांचे ग्लास भरतो. तिथे तसं केलंत तर लोक हसून आभार मानतील आणि ग्लास तसेच राहतील.

द्राक्षबागाईतदार

निफाडहून लिहितोय. घरची टेबल ग्रेप्सची बाग, थोडा माल वायनरीला जातो. वाइन मी फार पीत नाही, पण बागेचं सांगा. जुन्या वेली म्हणजे किती जुन्या? मांडव आहे की वाय (Y आकाराचा आधार)? ब्रिक्स (रसातली साखर) किती येतं? आणि ऐन तोडणीत पाऊस आला तर हे धार्मिक प्रकरण कसं सांभाळतात?

ओंजळभर

@द्राक्षबागाईतदार, मांडव नाही, वाय नाही, तारसुद्धा नाही. जुना गार्नाचा तिकडे झुडपासारखा वाढवतात. गुडघ्याएवढं पिळदार खोड, त्यावर चार-पाच फांद्या, संपलं. उतार तीव्र, जमीन कुठे स्लेटची, कुठे चिकणमाती, कुठे चुनखडी, कुठे वाळू. एका गावाच्या शिवारात एवढे प्रकार. वय साठ-सत्तर वर्षांच्या पुढेही असतं. निफाडच्या हिशोबाने उत्पादन ऐकवलं तर तुम्ही बाग उपटून टाकाल. वेलीमागे किलोभरही मिळेल असं नाही. साडेचौदा टक्के मद्यार्क हवा तर ब्रिक्स चोवीस-पंचवीसच्या घरात लागतं, आणि तिथलं ऊन ते सहज देतं.

पावसाचा प्रश्न अगदी नेमका विचारलात. गार्नाचा पिकतो सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. ज्यूंचं नवं वर्ष, योम किप्पुर, सुक्कोथ हे सगळे सण नेमके याच सुमाराला येतात, वर दर आठवड्याचा शब्बाथ. त्या दिवशी काम पूर्ण बंद. शिवाय द्राक्षं गाळली की प्रकरण संपत नाही. आंबताना साली वर येऊन जाड थर होतो, तो दिवसातून एक-दोनदा रसात बुडवावा लागतो किंवा खालचा रस पंपाने वरून सोडावा लागतो. सण लागून आले की टाकी तशीच सोडायची. त्यामुळे तोडणीची तारीख ठरवताना वाइनमेकर एका डोळ्याने आभाळ बघतो आणि दुसऱ्याने ज्यू कॅलेंडर.

बार्सिलोनाच्या एका सहकाऱ्याबरोबर मी ती वायनरी बघायला गेलो होतो. कोशर टाक्यांच्या झडपांवर चिकटपट्टी, तिच्यावर हिब्रूत सही. सोसायटीचा माणूस आम्हाला सगळं दाखवत होता, पण त्या टाक्यांपाशी आला की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा. नमुना काढला तो काळी टोपी घातलेल्या तरुणाने. झडप किंचित फिरवली, तीन ग्लासांत दोन-दोन बोटं वाइन घेतली, झडप बंद, नवी पट्टी, पुन्हा सही. ग्लासात आल्यावर मग कुणीही प्यायला मोकळा. सोसायटीच्या माणसाने घोट तोंडात खेळवला, थुंकला आणि म्हणाला, आज संध्याकाळी वरून रस सोडा, वीस मिनिटं, जास्त नको. त्या तरुणाने वहीत लिहून घेतलं. वाइन कशी घडवायची हे एकाला कळतं, तिला हात लावायचा हक्क दुसऱ्याला. दोघांचं इतकं छान जमलेलं की बघत राहावं.

द्राक्षबागाईतदार

वेलीमागे किलोभर नाही? हात जोडले. पण सांगितलंत छान. माझ्याकडे औषध मारणारा मी सांगितलेलं वहीत लिहून घेत नाही हो.

शाकाहारी_घोट

माझा नेहमीचा प्रश्न. वाइन स्वच्छ करायला अंड्याचा पांढरा बलक, जिलेटिन, माशाच्या पिशवीची पूड असलं काय काय वापरतात. कोशर म्हणजे हे सगळं वर्ज्य ना? मग आम्हाला कोशर ही खात्रीची वाइन म्हणायची का?

ओंजळभर

@शाकाहारी_घोट, अर्धी खात्री. डुकराच्या किंवा कोशर पद्धतीने न कापलेल्या जनावराच्या जिलेटिनचा प्रश्न मिटतो. दुधातलं केसीन सहसा टाळतात, कारण मग ती वाइन मांसाच्या जेवणाबरोबर चालत नाही, आणि रेड तर मांसाबरोबरच पितात. अंड्याचा पांढरा बलक मात्र कोशर नियमात बसतो. बरेच जण बेंटोनाइट माती वापरतात, काही गाळतच नाहीत. तुम्हाला अंडंही नको असेल तर बाटलीवर व्हीगन शिक्का आहे का तेवढं बघा, कोशरच्या शिक्क्यावर विसंबू नका.

चिकित्सक

वाइनचं वर्णन आवडलं, पण कुणीतरी बोलायला हवं म्हणून बोलतो. 'यांचा हात लागला तर चालत नाही' हे वाचताना महाराष्ट्रातल्या माणसाला, निदान आमच्यासारख्या घरातल्या माणसाला, काही आठवू नये असं वाटतं का? ज्याने द्राक्षं पिकवली, ज्याला वाइन कळते, तो पाठीमागे हात बांधून उभा. धागाकर्त्याला ते दृश्य छान वाटलं. मला नाही वाटलं. हे सोवळंच झालं की. गंगाळातल्या पाण्याला शिवायचं नाही म्हणून आमचे आजोबा लांब उभे राहायचे, तसाच हा माणूस.

खवचट_काका

आता धागा शंभरी गाठणार. खुर्ची ओढून बसतो.

नवगावची

बरेच दिवस नुसती वाचक होते, आज लिहिते. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. आमचे लोक नवगावच्या किनाऱ्याला लागले असं आमच्यात सांगतात, म्हणून हे नाव. जन्म ठाण्याचा, आता इस्राएलमध्ये अश्दोदला असते. घरात अजून मराठीच.

@चिकित्सक, तुमचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. नियमाचं मूळ दोन गोष्टींत आहे. जुन्या काळी वाइन मूर्तींना वाहायचे, तशी वाहिलेली वाइन आपल्याकडे नको, ही पहिली. दुसरी तालमुद या आमच्या धर्मग्रंथातच स्पष्ट सांगितली आहे: एकत्र बसून वाइन प्यायलात की सोयरिकी जुळतात, त्या जुळू नयेत. म्हणजे भिंत घालायचा हेतू होताच, तो लपवण्यात अर्थ नाही. सोवळ्याहून वेगळं काय असेल तर ते हे. माणूस विटाळत नाही, त्याला शिवून कुणी आंघोळ करत नाही, त्याच्या हातचं पाणी चालतं, फळं चालतात. बाटलीपुरता नियम आहे. आणि तो जन्माने ठरत नाही. शब्बाथ न पाळणारा ज्यू असेल तर त्याचाही हात कर्मठांना चालत नाही. इथे इस्राएलमध्ये असे वाइनमेकर आहेत, जन्माने ज्यू पण शब्बाथ न पाळणारे, ज्यांना स्वतःच्याच पिंपाला शिवता येत नाही.

एवढं सांगूनही तुम्हाला ते दृश्य खुपलं तर मी वाद घालणार नाही. आमच्या लोकांना ही भिंत दुसऱ्या बाजूनेही ठाऊक आहे. कोकणात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद आमच्यातच होता, लग्नं व्हायची नाहीत. इथे आल्यावर रबिनातने, म्हणजे इथल्या धर्मपीठाने, आमच्याच ज्यूपणावर शंका घेतली, लग्न लावताना पूर्वजांचे पुरावे मागितले. आमचे लोक रस्त्यावर उतरले तेव्हा १९६४ साली ते मिटलं. तेव्हा कोण शुद्ध आणि कुणाचा हात चालतो हा प्रश्न आमच्या घरात नुसता पुस्तकी नाही.

आता वाइनबद्दल, कारण धागा वाइनचा आहे. कोकणात कुठली आलीय कोशर वाइन? मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांनाही ती सहज मिळत नसे. आमच्याकडे किद्दुश, म्हणजे शब्बाथचा आशीर्वाद, व्हायचा तो मनुकांच्या सरबतावर. शुक्रवारी सकाळी आई काळ्या मनुका निवडून, धुऊन पाण्यात भिजत घालायची. दुपारी हाताने चांगल्या कुस्करायच्या, पांढऱ्या धुवट फडक्यातून पिळून घ्यायच्या. तांबूस, थोडं गढूळ, मनुकांच्याच गोडीचं पाणी. साखर घातली तर आजी ओरडायची. संध्याकाळी दिवे लागले की वडील प्याला हाती धरून आशीर्वाद म्हणायचे आणि तोच प्याला घरभर फिरायचा. मनुकांवरचा किद्दुश शास्त्रालाही मान्य आहे, तडजोड म्हणून कुणी नाक मुरडायचं कारण नाही. इथे कोपऱ्यावरच्या दुकानात पन्नास प्रकारच्या वाइन मिळतात, तरी आमच्या कित्येक घरांत मलिद्याला (आमच्या नवसाच्या विधीला) अजून सरबतच लागतं.

माझ्या मुलाला वाइनमध्ये रस आहे. त्याच्यामुळे काप्सानेसची ही वाइन एकदा चाखली. माझ्या तोंडाला जरा जड, पण दुसऱ्या दिवशी उरलेली प्यायले तेव्हा जास्त आवडली.

चिकित्सक

@नवगावची, ताई, मनापासून लिहिलंत, आभार. गोरे-काळे ठाऊक नव्हतं. माझं मत बदललं असं नाही म्हणणार, पण कुठे थांबावं तेवढं कळलं. सरबत करून बघणार.

ओंजळभर

नवगावचीताई, दंडवत. दुसऱ्या दिवशी जास्त आवडली हे तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. ही वाइन हवेला घाबरत नाही, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली की दुसऱ्या संध्याकाळी जास्त मोकळी होते. उरवावी मात्र लागते.

@चिकित्सक, 'छान' मी त्या दोघांच्या जमलेल्या कामाला म्हणालो होतो, नियमाला नव्हे. तुमचा मुद्दा त्यामुळे मागे पडत नाही, हेही मान्य. सोसायटीच्या त्या माणसाला तुमच्यासारखं काही वाटतं का, हे मी त्याला विचारलं नाही. सहकाऱ्याने विचारलं होतं. तो म्हणाला, आमच्या गावाला या वाइनने तारलं, हात पाठीमागे ठेवायला माझं काय जातं? आता हे उत्तर पुरेसं आहे का, ते ज्याचं त्याने ठरवावं. आणि स्पेनच्या बाबतीत एक गोष्ट विसरू नये. १३९१ साली बार्सिलोनाच्या ज्यू वस्तीत कत्तल झाली, १४९२ साली राजाज्ञा काढून देशभरातून ज्यूंना हाकललं. त्याच भूमीत पाच शतकांनी एक शेतकी सोसायटी बाटलीवर हिब्रू अक्षरं छापते, याचं मला अप्रूप वाटतं.

एडिसनकर

इस्राएलच्या रेड वाइनबद्दल कुणी लिहील का? दुकानात यार्डेन, कार्मेल, रेकानाती अशी नावं दिसतात.

ओंजळभर

थोडक्यात लिहितो. या तिघांत कार्मेल सर्वांत जुनी. बॅरन एडमंड द रॉथशिल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रिशोन लेझियोन आणि झिख्रोन याकोव इथे तळघरं बांधून दिली, तिथून सुरुवात. पण तिथल्या वाइनचा नूर पालटला तो १९८३ नंतर, गोलानच्या कात्झ्रिनमधल्या वायनरीमुळे. यार्डेन हे तिचंच लेबल. काळी बसाल्टची जमीन, चारशे ते बाराशे मीटर उंची, थंड रात्री. यार्डेनची कॅबरने भारदस्त असते, ओक जरा पुढे पुढे करतो. मला स्वतःला रेकानातीची जुन्या वेलींची कारिन्यान किंवा मार्सेलान जास्त भावते. ऊन सोसणारी द्राक्षं उन्हाच्या देशात लावावीत, फ्रान्समधल्या बोर्दोची नक्कल कशाला? रेकानातीने बित्तुनी या स्थानिक काळ्या द्राक्षाचीही वाइन केली आहे, हलकी, थोडी मिरमिरीत. ती द्राक्षं हेब्रॉनकडच्या पॅलेस्टिनी शेतकऱ्यांची.

चिकित्सक

गोलान म्हणजे १९६७ साली सीरियाकडून घेतलेला भाग, हे सांगायचं राहिलं. युरोपात तशी वाइन नुसतं 'इस्राएल' लिहून विकता येत नाही, २०१९ साली युरोपीय न्यायालयाने तसा निकाल दिला आहे. ज्याला विकत घ्यायची त्याने घ्यावी, पण माहीत असून घ्यावी.

ओंजळभर

मान्य, आणि नोंद योग्य. पुढचं राजकारण दुसऱ्या धाग्यावर, इथे बाटली गरम होतेय.

द्राक्षबागाईतदार

परत आलो. इस्राएलमध्ये दर सातव्या वर्षी शेत पडीक ठेवतात असं ऐकलं होतं. द्राक्षबाग कशी पडीक ठेवणार? छाटणी चुकली तर दोन वर्षं मागे जाते.

नवगावची

@द्राक्षबागाईतदार, त्याला शमिता म्हणतात. मागचं शमिता वर्ष सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२२, पुढचं २०२८ च्या शरदात लागेल. वेल मरू नये इतपत काम करता येतं. पाणी देता येतं, जिवापुरती छाटणी होते. नवी लागवड नाही, वेल फोफावावी म्हणून काही करायचं नाही. ज्यांना एवढं परवडत नाही ते वर्षापुरती जमीन बिगर-ज्यू माणसाला विकल्याचा कागद करतात. कर्मठांना तो कागद मान्य नाही, म्हणून २०२२ सालची इस्राएली वाइन घेताना आमच्यात लोक शिक्का दोनदा वाचतात. हा नियम फक्त त्या भूमीपुरता, स्पेनला लागू नाही. नव्या लावलेल्या वेलीची पहिल्या तीन वर्षांची फळं घ्यायची नाहीत, हा मात्र सगळीकडे.

द्राक्षबागाईतदार

तीन वर्षं! आमच्याकडे दुसऱ्या वर्षी बँकवाला दारात असतो.

मटणवाडी

मुख्य विषय कुणी काढतच नाही. बरोबर खायचं काय? तांबड्या रश्शाबरोबर चालेल का?

ओंजळभर

@मटणवाडी, नको. मद्यार्क जास्त असलेली वाइन तिखटाला आणखी पेटवते, आणि ओकचा तुरटपणा मिरचीपुढे कडवट लागतो. रश्शाबरोबर थंडगार बिअर. या वाइनला तिखट कमी आणि चरबी बरी असं काहीतरी हवं. तिकडे कोकरू रोझमेरी घालून भाजतात, त्यावर ती अप्रतिम. आपल्याकडचं म्हणाल तर नारळाच्या दुधातलं मटण, मिरी-लवंग-दालचिनीवर केलेलं. वांग्याचं भरीतही जमतं, भाजल्याचा धुरकट वास तिला मानवतो, फक्त हिरवी मिरची आवरा. शाकाहारी_घोट यांनी नोंद घ्यावी.

आणि आपल्या उन्हाळ्यात 'रूम टेंपरेचर'ला वाढू नका. सोळा-सतरा अंश म्हणजे फ्रिजमधून काढून थोड्या वेळाने. तीस अंशांवर नुसता मद्यार्क नाकात जातो.

नवगावची

नारळाच्या दुधातलं मटण आमच्याकडे असतंच. मांसाबरोबर दूध-दही चालत नाही, म्हणून बेने इस्रायलांच्या स्वयंपाकात सगळीकडे नारळाचं दूध. मी मटणाला आलं-लसूण-कोथिंबिरीचं हिरवं वाटण लावते आणि दूध शेवटी घालते, उकळी फुटायच्या आत गॅस बंद. वाइनबरोबर खाऊन पाहिलं नव्हतं, आता बघते.

मटणवाडी

ताई, सविस्तर पाककृतीचा वेगळा धागा काढा. अजून येऊ द्या.

खवचट_काका

भारतात मिळते का, आणि केवढ्याला?

ओंजळभर

@काका, भारतात दुकानात मला तरी दिसलेली नाही, आणि आयात वाइनवरचा कर बघता दिसली तरी तुम्ही बघूनच परत याल. अमेरिकेत पन्नास डॉलरच्या पुढे जाते, स्पेनमध्ये बरीच कमी. परदेशातून येणाऱ्याला दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे दोन बाटल्या आरामात. भाच्याला आतापासून सांगून ठेवा.

एडिसनकर

आमच्याकडे पेसाहच्या आधी महिनाभर कोशर दुकानांत वाइनवर चांगली सूट असते, तेव्हाच घेईन म्हणतो. मित्राकडे सेदरला (पेसाहच्या रात्रीच्या जेवणाला) बोलावणं आहे. चार पेले प्यावे लागतात ना? चारही याचेच भरले तर?

नवगावची

@एडिसनकर, तसं करू नका. पेला लहानात लहान घेतला तरी साधारण ८६ मिलिलिटरचा, आणि पहिला रिकाम्या पोटी. जेवण येईपर्यंत मोठी हगादा, म्हणजे त्या रात्रीची कथा, वाचायची असते, मुलांचे प्रश्न असतात. साडेचौदा टक्क्यांचे दोन पेले उपाशीपोटी गेले की वाचणाऱ्याची जीभ अडखळते. आमच्याकडे पहिल्या दोन पेल्यांना हलकी वाइन किंवा सरबत असतं, आणि चांगली बाटली जेवणासोबत निघते. तुमची तेव्हाच निघेल. घेताना लेबलवर 'पेसाहसाठी कोशर' असं वेगळं लिहिलंय का ते बघा, नुसता कोशरचा शिक्का त्या आठवड्याला पुरत नाही. आणि यजमानांना दुपारीच नेऊन द्या, म्हणजे त्यांना वेळेवर उघडून ठेवता येईल.